थंडीला न घाबरणारी वेल मे महिन्यातल्या एका रात्रीत कशी जळली

आमच्या घरामागे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून एक द्राक्षवेल आहे. व्हरायटीचं नाव झिल्गा. निळसर काळे मणी, आत बी, घड बेताचे, आणि वास असा की पिकायला लागली की मागचं दार उघडल्याबरोबर कळतं. ह्या वेलीनं उणे 23 डिग्री सोसलंय, अंगावर काहीही न पांघरता, थर्मामीटर मी स्वतः बघितलाय. आणि हीच वेल चौथ्या वर्षी मे महिन्यात एका रात्री, फक्त उणे 2 ला, काळी पडली. सगळी. एक हिरवं पान राहिलं नाही.

त्या दिवसापासून मला ह्यावर लिहायचं होतं, कारण "फ्रॉस्ट हार्डी", म्हणजे थंडीला न दबणारी, असं लेबल वाचून माझ्यासारखे बरेच जण वेल लावतात आणि समजतात की चला, थंडीची काळजी मिटली. मिटत नाही हो. हिवाळ्यातली कडक थंडी वेगळी आणि वसंतातलं दहिवर, म्हणजे रात्रीत गोठून पांढरं पडणारं दव, वेगळं. एकीला पुरून उरणारी वेल दुसऱ्यापुढे अगदीच नाजूक निघू शकते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर एक अख्खा हंगाम वाचला असता.

सुरुवात झिल्गापासून नाही झाली. पहिली वेल मी नुसती चवीवर भाळून आणली होती, बिनबियांची, पातळ सालीची, गोड. उन्हाळाभर अशी वाढली की बघत राहावं, काड्या थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत गेल्या, मी खूश. त्या हिवाळ्यात टेंपरेचर उणे 24 ला गेलं आणि वसंतात सगळ्या बागेला पालवी आली तरी वेल गप्पच. नखानं काडीची साल खरवडली तर आत हिरवं दिसायला हवं तिथे तपकिरी. खाली खाली खरवडत गेले, जमिनीपर्यंत तपकिरीच. महिनाभर थांबले, मग खणून काढली.

नंतर वाचायला लागले तेव्हा कळलं की ह्यात नशिबाचा काही भाग नव्हता. आपण सगळीकडे जी खातो ती द्राक्षं बहुतेक व्हायटिस व्हिनिफेरा ह्या प्रजातीची, आणि तिचे डोळे, म्हणजे काडीवरच्या ज्या कळ्यांतून नवे फुटवे येतात त्या, गाढ झोपेत असतानासुद्धा साधारण उणे 18 ते उणे 23 च्या दरम्यान मरायला लागतात, जातीजातीत थोडं इकडेतिकडे. ह्याउलट उत्तर अमेरिकेतलं नदीकाठचं जंगली द्राक्ष, व्हायटिस रिपारिया, आणि रशिया-चीनच्या सीमेवरच्या अमुर नदीच्या खोऱ्यातलं व्हायटिस अमुरेन्सिस, ह्या दोघी उणे 40 च्या आसपासही तगतात. आज ज्या जाती थंडीतल्या म्हणून विकल्या जातात त्या जवळजवळ सगळ्यांच्या घराण्यात ह्या जंगली आज्यांपैकी कुणीतरी असते, नाहीतर लाब्रुस्का नावाची तिसरी एक, जिचा तो खास कस्तुरीसारखा वास.

आणि ह्या जाती कुणी तयार केल्या हे बघितलं की मला फार भरून येतं. त्यातल्या कितीतरी घरच्या बागेतून आल्यात. कॉन्कॉर्ड द्राक्ष इफ्रेम बुल नावाच्या माणसानं मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात स्वतःच्या अंगणात बिया लावून काढलं, 1849 साली. त्याला लवकर पिकणारी जात हवी होती कारण शरदातल्या पहिल्या दहिवरात त्याची द्राक्षं पिकायच्या आत जायची. हजारो रोपं वाढवली आणि त्यातून एक निवडलं. पुढे कॉन्कॉर्डवर पैसा बाकीच्यांनी केला, त्याच्या हाती फारसं लागलं नाही, त्याच्या थडग्यावर कोरलंय की त्यानं पेरलं आणि कापलं दुसऱ्यांनी. मग मिनेसोटात लुई स्युल्टर नावाच्या शेतकऱ्यानं जंगली रिपारिया आणि कॉन्कॉर्डचा संकर करून 1881 मध्ये बीटा नावाची वेल काढली. 1943 पासून विस्कॉन्सिनमधला एल्मर स्वेन्सन, मूळचा दुधाचा धंदा करणारा शेतकरी, आयुष्यभर हेच करत राहिला आणि मागेल त्याला काड्या देत राहिला, एडलवाईस, सेंट क्रॉय, सॉमरसेट सीडलेस ह्या जाती त्याच्याच. आणि माझी झिल्गा लाटव्हियातल्या पॉल्स सुकाटनिएक्स ह्या माणसाची, संकर 1964 सालचा. तिथला उन्हाळा किती छोटा असतो हे लक्षात घेतलं की त्यानं काय केलं ते कळतं.

आता लेबलवर "हार्डी"च्या शेजारी "अर्ली" असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं लवकर म्हणजे फक्त लवकर खायला मिळतं. द्राक्षवेल दिवसाची सरासरी 10 डिग्रीच्या वर गेली तरच कामाला लागते, त्या 10 च्या वर रोज जेवढे अंश तेवढे तिच्या खात्यात जमा होतात. म्हणजे सरासरी 18 असेल तर त्या दिवशी 8 जमा, सरासरी 9 असेल तर शून्य. जिथे उन्हाळा लहान तिथे हे खातंच लहान. अगदी लवकर येणाऱ्या जाती डोळा फुटल्यापासून साधारण 105 ते 115 दिवसांत पिकतात, उशिराच्या जातींना 150 च्या आसपास दिवस लागतात. हा महिना-सव्वा महिन्याचा फरक थंड जागी जगण्यामरण्याचा असतो, आणि तो घडापेक्षा जास्त काडीसाठी असतो.

काडीसाठी कसा, ते नीट सांगते. उन्हाळ्यात काडी हिरवी, लवचिक, पाण्यानं भरलेली असते. दिवस लहान व्हायला लागले की ती खालून वर तपकिरी होत जाते, लाकूड बनतं, आतलं पाणी कमी होतं, आणि पानांनी बनवलेला पिष्ट, म्हणजे स्टार्च, तिच्यात साठतो. पुढे खरी थंडी पडायला लागली की त्या पिष्टाची साखर होते आणि तीच साखर पेशींना गोठण्यापासून वाचवते. डोळ्याच्या आतलं उरलंसुरलं पाणी शून्याच्या कितीतरी खाली जाऊनही बर्फ न होता तसंच द्रव राहू शकतं, त्या पाण्याचा बर्फ झाला की डोळा गेला. हे सगळं व्हायला घड उतरवल्यानंतर पानांना काही आठवडे मोकळे हवेत, म्हणजे जे काही बनेल ते घडाकडे न जाता काडीत आणि मुळांत जाईल. लवकर पिकणारी वेल हे आठवडे मिळवते. उशिरा पिकणारी वेल घड अंगावर असतानाच पहिल्या दहिवरात सापडते, पानं जातात, काडी अर्धी हिरवीच राहते, आणि अशी हिरवी काडी कितीही कणखर घराण्यातली असली तरी हिवाळ्यात मरते. म्हणून अर्ली आणि हार्डी हे दोन शब्द लेबलवर शेजारी शेजारी असतात, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

तर मी झिल्गा आणली, स्वतःच्या मुळावरची, कलम नाही. हा निर्णय मी मुद्दाम केला आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगेन, थंड जागी घरच्या बागेत शक्यतो स्वतःच्या मुळावरची वेल घ्या, जमिनीत फायलॉक्झेरा किडीचा त्रास नसेल तर. कारण एखादा हिवाळा हाताबाहेर गेला आणि वरचं सगळं मेलं तरी खालून जो फुटवा येईल तो त्याच जातीचा असतो. कलमाच्या वेलीत खालून येतो तो खुंट, म्हणजे ज्या वेगळ्या जातीच्या मुळावर कलम बांधलेलं असतं ती, मग तुम्ही दोन वर्षं लाडानं वाढवता आणि भलतंच निघतं. मुळांची गोष्ट अजून वेगळी आहे, ती काड्यांइतकी कणखर नसतात, व्हिनिफेराची मुळं उणे 5-6 लाच धोक्यात येतात. जमिनीत एवढं टेंपरेचर सहसा उतरत नाही आणि वर बर्फाचा जाड थर असेल तर अजिबातच नाही. बर्फ म्हणजे गोधडी. मी तर वाटेवरचा बर्फ उचलून वेलीच्या बुंध्याशीच टाकते. बर्फाविना पडलेली कोरडी थंडी मुळांना सगळ्यात वाईट, तेव्हा बुंध्याशी पालापाचोळ्याचा वीतभर थर द्यायचा.

लावताना रोप सरळ न लावता थोडं आडवं, तिरकं लावलं, खड्डा खोल, तळाशी चांगली भुसभुशीत माती, पाणी साचणार नाही अशी. तिरकं लावायचं कारण असं की लहान असताना पहिली एकदोन वर्षं हिवाळ्यात काड्या तारेवरून सोडवून जमिनीवर झोपवता येतात, सरळ खोड वाकवायला गेलं की मोडतं. दोन वेलींत दोन मीटर तरी अंतर हवं. पहिल्या वर्षी एकच काडी वर नेली, दुसऱ्या वर्षी तिचं खोड, तिसऱ्या वर्षी दोन्ही बाजूंना एकेक ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी नेलेली फांदी, आणि पहिले पाच घड. पाचच! पण लेकीनं ते मोजले होते रोज, मणी हिरवे होते तेव्हापासून.

चौथ्या वर्षी वेल भरात आली. एप्रिलमध्ये आठवडाभर चांगली उबदार हवा होती, डोळे फुगले, त्यांच्यावरचा तो तपकिरी कापूस दिसायला लागला, मग गुलाबी टोकं, मग पानं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात फुटवे बोटाएवढे लांब झाले होते, प्रत्येकावर चार-पाच पानं आणि पानाच्या समोर घडाचं ते इवलंसं रूप, हिरव्या मोहरीसारखे दाणे चिकटलेले. मी मोजले, साठच्या वर. शेजारच्या आजोबांची व्हिनिफेराची वेल अजून नुसते डोळे फुगवून बसली होती आणि मला वाटत होतं की बघा, आपली किती पुढे आहे.

हीच तर गोम होती. रिपारिया आणि अमुरच्या वंशातल्या वेली मूळच्या लहान उन्हाळ्याच्या प्रदेशातल्या, त्यांना वेळ वाया घालवणं परवडत नाही, म्हणून थोडीशी ऊब मिळाली की त्या लगेच जाग्या होतात. हिवाळ्यात उणे 30 सोसणारा डोळा एकदा का जागा झाला, त्यात पाणी भरलं, की त्याचा सगळा कणखरपणा संपला. कोवळं पान कुठल्याही जातीचं असो, उणे 2-3 च्या पुढे ते टिकत नाही. फरक एवढाच की कणखर वेलीचं पान आधी बाहेर आलेलं असतं, आणि आजोबांची वेल अजून झोपलेली असते म्हणून वाचते. त्यांची वाचली. माझी गेली.

त्या संध्याकाळी अंदाज अधिक 2 चा होता. मी निवांत होते. पण तो आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर वर, आडोशातल्या पेटीत मोजलेल्या हवेचा असतो. आकाश निरभ्र असेल आणि वारा पडला असेल तर जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ वर आभाळाला देऊन टाकतात, पान भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं, आणि गार हवा जड म्हणून उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते. आमच्या अंगणाच्या खालच्या टोकाला दाट कुंपण आहे, त्यानं ती हवा धरणासारखी अडवली असणार, त्याच बाजूला वेल. पहाटे पाचला जाग आली तेव्हा खिडकीतून गवत पांढरं दिसलं. धावत गेले. वेलीच्या उंचीला टांगलेला थर्मामीटर उणे 2 दाखवत होता.

गंमत म्हणजे तेव्हा पानं वाईट दिसत नव्हती. हिरवीच होती, फक्त काचेसारखी, जास्त गडद, भिजल्यासारखी. मी हात लावला नाही. ऊन आलं, नऊ वाजेपर्यंत ती लोंबायला लागली, जसं उकळत्या पाण्यात पालेभाजी टाकावी तशी. दुपारपर्यंत तपकिरी. दुसऱ्या दिवशी बोटांत चुरगाळली की भुगा. साठ घड, म्हणजे जे घड होणार होते ते सगळे, त्या भुग्यात. मी खरंच रडले, सांगायला लाज नाही वाटत.

मग पहिली इच्छा झाली की सगळं छाटून टाकावं. बरं झालं नाही टाकलं. आजोबा म्हणाले, "पोरी, दोन आठवडे कात्री घरात ठेव." आणि त्यांनी एक काडी तोडून घेऊन मला दाखवलं, ते मी कधी विसरणार नाही. धारदार ब्लेडनं त्यांनी काडीवरचा एक न फुटलेला डोळा आडवा चिरला, भाजीच्या देठासारखा, पातळ पातळ काप काढत. भिंगातून बघितलं. आपण ज्याला एक डोळा म्हणतो त्यात तीन असतात, मधे मोठा मुख्य, एका बाजूला दुय्यम आणि दुसऱ्या बाजूला अगदी लहानसा तिसरा. मधला हिरवागार, बाजूचे दोन्हीही हिरवे, टाचणीच्या डोक्याएवढे. मग जळलेल्या फुटव्याच्या बुडाशी तसंच चिरलं, तर मुख्य गेलेला, काळा ठिपका, पण त्याच्या कुशीत दुय्यम हिरवा होता. जिवंत.

आता मी दर फेब्रुवारीच्या शेवटी हे करते. वेगवेगळ्या उंचीवरच्या चार-पाच काड्या आणते, दोन दिवस घरात उबेत ठेवते म्हणजे मेलेला भाग नीट तपकिरी होतो, मग डोळे चिरून मोजते. दहातले दोन मेलेले असतील तर नेहमीसारखी छाटणी, निम्मे मेलेले असतील तर दुप्पट डोळे ठेवायचे. अंदाजानं छाटण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि हातात ब्लेड आणि भिंग ह्यापलीकडे काही लागत नाही.

तर दुय्यम डोळे फुटले. अडीच आठवड्यांनी काळ्या फुटव्याच्या बुडातून नवीन हिरवं टोक आलं, आणि चौथ्या पानासमोर लहानसा का होईना, घड होता. व्हिनिफेराच्या बऱ्याच जातींत हा दुय्यम डोळा फारसं फळ देत नाही, पण थंडीतल्या ह्या संकरित जातींत बऱ्याचदा देतो, हा त्यांचा दुसरा कणखरपणा आणि माझ्या मते पहिल्याइतकाच मोलाचा. त्या वर्षी अकरा घड मिळाले. लहान, उशिरा, पण मिळाले.

ह्यानंतर मी जे बदललं त्यात सगळ्यात जास्त फरक पडला छाटणीनं, म्हणून तेच जरा तपशिलात लिहिते. द्राक्षाला फळ येतं ते मागच्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यातून निघणाऱ्या नव्या फुटव्यावर, म्हणून दरवर्षी छाटावंच लागतं. मी पूर्वी हिवाळा संपता संपता, मार्चमध्ये, सगळं एकदाच दोन-तीन डोळ्यांवर छाटून मोकळी व्हायचे. आता दोनदा छाटते. पहिल्यांदा, वेल झोपेत असताना, फक्त गुंता काढायचा, नको त्या काड्या उडवायच्या, पण ज्या ठेवायच्या त्या लांबच ठेवायच्या, आठ-दहा डोळ्यांच्या, आणि उभ्या, आडव्या बांधायच्या नाहीत. वेलीचा स्वभाव असा की काडीच्या टोकाचे डोळे आधी फुटतात आणि ते खालच्यांना दाबून ठेवतात. टोकाचे फुटवे बोटाच्या दोन पेरांएवढे झाले तरी बुडाचे डोळे नुसते फुगलेले असतात. तेव्हा दुसरी छाटणी करायची, फुटलेलं टोक उडवायचं आणि बुडाचे दोन-तीन ठेवायचे. दहिवर आलंच तर टोक जाईल, जे तसंही जाणार होतं. माझ्याकडे ह्यानं बुडाचे डोळे आठ-दहा दिवस उशिरा फुटतात, आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस म्हणजे खूप झाले. ह्या छाटणीत कापाच्या जागेतून टपटप पाणी गळतं, पहिल्यांदा बघणारा घाबरतो, वेल मरते की काय वाटतं, पण त्यानं काही होत नाही, काही दिवसांनी आपोआप थांबतं. फार उशीर मात्र करू नका, टोकाचे फुटवे वीतभर झाल्यावर कापलं तर वेलीची साठवण फुकट जाते आणि हंगामही मागे पडतो.

दक्षिणेच्या भिंतीबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. भिंत दिवसभर तापते, रात्री ऊब देते, शरदात घड पिकायला तिच्यासारखं काही नाही. पण हीच भिंत वेलीला एप्रिलमध्ये लवकर उठवते. मी भिंत ठेवली आणि छाटणी उशिरा नेली, मला हा मधला मार्ग पटला. कुंपणाच्या बुडाशी मात्र हातभर रुंद मोकळी फट केली, गार हवेला वाहून जायला वाट.

आणखी एक, जे मला उलटं वाटलं होतं. वसंतात बुंध्याशी पेंढा किंवा पालापाचोळा असेल तर जमीन उबदार राहील असं वाटतं ना? हिवाळ्यात बरोबर आहे. पण दहिवराच्या रात्री ते झाकण जमिनीतली दिवसाची उष्णता वर येऊच देत नाही. उघडी, दाबलेली, ओलसर माती दिवसा ऊब शोषते आणि रात्री वेलीला देते. म्हणून डोळे फुगायला लागले की मी सगळं आच्छादन बाजूला ओढते, गवत अगदी लहान कापते, आणि अंदाज वाईट असेल तर आदल्या सकाळी जमिनीला पाणी देते.

फ्लीस, म्हणजे झाडांवर पांघरायचं हलकं कापड, मी ठेवलंय. ते घालायचं तर सूर्य मावळायच्या आत, जमिनीपर्यंत टेकवून, कडेला दगड ठेवून, म्हणजे मातीची ऊब आत अडकते. नुसतं वरून टोपीसारखं टाकलं तर काही उपयोग नाही. प्लॅस्टिक नको, ते पानाला टेकलं की तिथेच जळतं. एका थरानं दोनेक डिग्री मिळतात आणि बहुतेक वेळा तेवढीच कमी पडलेली असते. मोठे बागायतदार रात्रभर पाणी फवारतात, पाणी गोठताना दर किलोला 334 किलोज्यूल उष्णता सोडतं त्यावर ते चालतं, पण ते बर्फ वितळेपर्यंत एक मिनिटही थांबवायचं नसतं, मधेच थांबलं तर ओलं पान आणखी गार पडून नुकसान जास्त होतं. घरच्या पाइपनं ह्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

उन्हाळ्यातली कामं सगळ्या द्राक्षांना असतात तीच, ती फार लिहीत नाही. फक्त दोन गोष्टी थंड जागी जास्त महत्त्वाच्या. एक, नत्राचं खत जूननंतर अजिबात नाही, नाहीतर काडी सप्टेंबरमध्येही हिरवीगार वाढत राहते आणि पिकत नाही. दुसरी, लोभ आवरायचा. लहान वेलीला एका फुटव्यावर एकच घड. पहिल्यांदा हिरवे घड कात्रीनं कापून खाली टाकताना जीव तुटतो, पण जास्त घड ठेवले की ते उशिरा पिकतात, आंबट राहतात आणि काडीसाठी काही उरत नाही, म्हणजे पुढचा हिवाळा धोक्यात. घडाजवळची पानं थोडी काढायची, सकाळचं ऊन लागेल एवढीच.

ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरायला लागतं, कडक हिरवा मणी मऊ होतो, मग एकेक करून निळा. आणि इथे घाई करू नका! झिल्गा रंग आधी धरते आणि साखर नंतर, काळाभोर घड बघून तोडलात तर तोंड वाकडं होईल. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, आंब्या-केळ्यासारखं नाही ते. मी मणी फोडून बी बघते, हिरवी असेल तर थांबायचं, पूर्ण तपकिरी आणि चावल्यावर कुरकुरीत झाली की घड घ्यायचा. रंग आल्यापासून तीन आठवडे तरी लागतात. पक्ष्यांना आणि गांधीलमाश्यांना हा हिशोब माहीत नसतो, म्हणून प्रत्येक घडाला मी पातळ जाळीच्या पिशव्या बांधते, लेक गाठी मारते.

कुणी विचारेल झिल्गाच का. चव फक्त बिनबियांचीच हवी असेल तर सॉमरसेट सीडलेस बघा, ती थंडीलाही चांगली आहे. रिलायन्स आणि हिमरॉड खायला सुंदर, पण उणे 25 च्या खाली नेहमी जात असेल तर मला त्यांचा भरवसा वाटत नाही. व्हॅलियंट सगळ्यात कणखर, तिच्यात मोंटानातली जंगली रिपारिया आहे, मात्र मणी लहान आणि आंबटसर, जॅम-सरबताला ठीक. झिल्गा मधे बसते, एकटीच फळते, दुसरी वेल जोडीला लागत नाही, आणि बी थुंकायचा कंटाळा नसेल तर ताटातून उचलून खायला मस्त.

घड उतरले की मी वेलीकडे दुर्लक्ष करत नाही, उलट तेव्हाच जास्त बघते. पानं हिरवी आहेत तोवर एकही तोडायचं नाही. ऑक्टोबरमध्ये काडी हातात धरून हलकेच वाकवली की पिकलेला भाग बारीक कडकड आवाज करतो, हिरवा भाग रबरासारखा वाकतो. बुडापासून आठ-दहा डोळ्यांपर्यंत तो आवाज आला तर हिवाळा कसाही येऊ दे.

गेल्या वर्षी आला, आठ डोळ्यांपर्यंत. फेब्रुवारीत चिरले त्या वीस डोळ्यांतले सतरा हिरवे होते. आज सकाळी बघितलं तर टोकाच्या फुटव्यांना दोन-दोन पानं आलीत आणि बुडाचे डोळे अजून कापूस पांघरून आहेत, एक बोटानं दाबून बघितला, कडक आहे. शनिवारी दुसरी छाटणी. तोवर फ्लीसचा रोल दाराशीच उभा आहे, दगड मोजून ठेवलेत.